वाकून घेतलेलं माप

माणसाचं माप घ्यायचं ते तो ताठ उभा असताना, हे मला माझ्या बापानं शिकवलं. राजापुरापासून कुवेतपर्यंत तीस वर्षं मी कात्री चालवली. हजारो माणसं माझ्यासमोर उभी राहिली, हात खाली सोडून, श्वास रोखून, पोट आत ओढून. पोट आत ओढणाऱ्याला मी तिथल्या तिथे झापायचो. पण माणूस काय दिवसभर उभाच असतो काय, हा प्रश्न मला तीस वर्षांत कुणी विचारला नाही. विचारला असता तर त्याला मी दुकानाबाहेर काढला असता. स्वभावच तसा आहे. बायको पत्रातून लिहायची, परमुलखात आहात, जरा रागाला आवर घाला. मी तिला रागानंच उत्तर धाडायचो.

शेवटी तो प्रश्न एका नर्सनं विचारला, एक्क्याण्णव सालच्या नोव्हेंबरात. आणि आयशप्पत सांगतो, मला उत्तर देता आलं नाही.

कुवेतमधल्या फहाहीलच्या बाजारात मी दिशदाशा शिवतो. दिशदाशा म्हणजे इथल्या पुरुषांचा तो घोट्यापर्यंतचा अंगरखा. नव्वदच्या ऑगस्टात इराकी फौज घुसली आणि चौथ्या दिवशी मी कात्री टाकून पळालो. बगदाद, अम्मान, तिथून विमानानं मुंबई. परत आलो ते पुढच्या जुलैत. दुकानातली मशिनं गेली होती, कापडाची ठाणं गेली होती, जमिनीवर बटणांचा सडा पडला होता. कापणीचं टेबल तेवढं राहिलं होतं, कारण ते चौघांना उचलत नाही. टेबलाखाली माझी कात्री सापडली. त्या दिवशी मी एकटाच दुकानात बसून रडलो, हे आता सांगायला लाज नाही.

त्या वर्षी गणपती एका डॉक्टरांच्या घरी बसवला होता. आरती झाली, पानं वाढली, आणि जो तो आपापली पळून जाण्याची गोष्ट सांगायला लागला. मीही सांगितली. सरहद्दीवर गाडीच्या रेडिएटरचं पाणी प्यालो म्हणून सांगितलं. प्यालो नव्हतो, पण सगळेच चढवून सांगत होते तर मी का मागं राहू? मग कुणीतरी विनिता सिस्टरना विचारलं. विनिता सिस्टर मिरजेच्या. चौतीस-पस्तीस वय, उंच, हाडापेरानं मजबूत, बोलणं तुटक.

"मी कुठं गेलेच नाही," त्या म्हणाल्या. "ड्यूटी होती."

"पण जायचात कशा? गाड्या तर सगळ्या पळवल्या होत्या."

"सायकलनं. इस्त्रीवाल्याची होती. रिग्गईहून हॉस्पिटल अठरा किलोमीटर. जायचे अठरा, यायचे अठरा. सात महिने."

सुमेध हसला. सुमेध म्हणजे रिफायनरीतला पुण्याचा इंजिनियर. तिकडे क्लबात सायकलच्या शर्यती मारलेला, दिसायला देखणा, आणि आपण देखणे आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. "रोज छत्तीस? त्या इस्त्रीवाल्याच्या लोखंडी धुडावर? सिस्टर, मी रेसा मारल्यात. छत्तीस म्हणजे पायांचं भजं होतं."

त्यावर गप्प बसावं की नाही? पण माझी जीभ. मी म्हटलं, "अहो, सहा असतील. भीतीनं छत्तीस वाटले!"

सगळी पंगत हसली. सिस्टरनी ताट बाजूला सारलं, उठून हात धुतले आणि निघून गेल्या. पानातला मोदक तसाच राहिला होता.

इराक्यांनी जाताना पेटवलेल्या तेलविहिरींपैकी शेवटची नोव्हेंबरात विझली. महिनोन्महिने आम्ही भर दुपारी दिवे लावत होतो, नाक शिंकरलं तर रुमाल काळा व्हायचा. एके दिवशी सकाळी दोरीवर पांढरा लेंगा वाळत घातला आणि संध्याकाळी तो पांढराच निघाला, तेव्हा मी तो शेजाऱ्याला नेऊन दाखवला. त्याच आठवड्यात रिफायनरीच्या क्लबानं शर्यत जाहीर केली.

क्लबाचा सेक्रेटरी बू नासिर म्हणून होता. पांढरी दाढी, मोठा गमत्या. बापाचा मुंबईत मोत्यांचा धंदा, लहानपण तिकडेच गेलेलं, त्यामुळे हिंदी आमच्यापेक्षा चांगली. दरवर्षी क्लबात सायकलींची शर्यत व्हायची. पण यंदा सायकली होत्या कुठे? गियरवाल्या, परदेशी, सगळ्या सैनिकांनी ट्रकात घालून नेल्या. उरल्या त्या काळ्या, जड, दूधवाल्याच्या नि इस्त्रीवाल्याच्या. दुसरा असता तर शर्यत रद्द करता. हा म्हणाला, "अच्छा ही हुआ. पहले लोग जैसे दौड़ते थे, वैसे दौड़ेंगे."

त्याच्याकडे जुन्या शर्यतींच्या फोटोंचं एक जाडजूड पुस्तक होतं, लुटीतून वाचलेलं. ते घेऊन तो माझ्या दुकानात आला. काय माणसं होती हो ती! अंगात गळ्यापर्यंतची लोकरीची घट्ट बंडी, बटणं खांद्यावर. छातीवर दोन खिसे, त्यात पाना नि खाऊ. गुडघ्याखाली बंद बांधलेली विजार, खाली जाड मोजे. डोक्यावर चिमुकली टोपी, तिची झाप वर वळवलेली. डोळ्यांना गॉगल, मिशांना पीळ. आणि सुटा टायर खांद्यांवरून असा घेतलेला, की छातीवर नि पाठीवर त्याची फुली पडावी. चिखलानं माखलेले, पण ऐट बघाल तर नवरदेवाची.

नियम तीन. सायकल बिनगियरची. कपडे पुस्तकातल्यासारखे, ते बू नासिर स्वतः तपासणार, आणि कपडा नापास तर माणूस बाद. आणि पंक्चर झालं तर स्वतःच्या हातानं काढायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागला की खेळ खलास. पूर्वी असंच होतं म्हणे. अंतर तीस किलोमीटर. फहाहीलच्या समुद्रकाठापासून मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या फाटकापर्यंत आणि परत.

आठ पुरुषांनी नावं दिली आणि आठही माझ्याकडे आले. सुमेधला मखमली विजार हवी होती, वर ताठ कॉलरचा कोट, गळ्याला बो. मी एकेकाला ताठ उभं केलं, मापं घेतली आणि जीव ओतून शिवलं. आरशासमोर सुमेध उभा राहिला तेव्हा कुठं एक सुरकुती दाखवा म्हणावं! मिशा चिकटवून तो स्वतःलाच दहा मिनिटं बघत होता.

मग विनिता सिस्टर आल्या. बरोबर त्यांच्या खोलीत राहणारी रबिया, हैदराबादची नर्स.

"मला शर्यतीत उतरायचंय," त्या म्हणाल्या.

"बायकांकडे चहाचं टेबल दिलंय असं ऐकलं," मी म्हटलं. बघा, पुन्हा तीच जीभ.

त्यांनी पर्समधून एक कागद काढला. पुस्तकातल्या एका फोटोवर पातळ कागद ठेवून गिरवलेलं चित्र होतं. शंभर वर्षांपूर्वीची बाई, सायकलवर. तीच गळाबंद बंडी, तीच टोपी, आणि खाली घोळदार विजार, गुडघ्याखाली चुणून बांधलेली. "बू नासिरना विचारलं मी. त्यांनीच हे पान काढून दाखवलं. म्हणाले, किताब में है तो है. कपडे असे हवेत, नाहीतर उभी करणार नाही."

मी चित्र उजेडाकडे धरलं.

"काका," त्या म्हणाल्या, "गणपतीच्या पंगतीत तुम्ही हसलात. मी भांडत बसणार नाही. कोण बघायला होतं तेव्हा रस्त्यावर? पण हा रस्ता सगळे बघतील. मी पहिली येणार. मग कुणी सहा म्हणायचं नाही."

मी कापडाचं ठाण काढलं. हिवाळ्यात इथले लोक लोकरीची दिशदाशा घालतात, त्यातलं गडद निळं कापड होतं. उबदार, टिकाऊ, पण ताणलं तर तसूभर वाढणार नाही असलं. बाईचं माप मी स्वतः घेत नाही. रबियानं टेप धरली, सिस्टर ताठ उभ्या राहिल्या, मी आकडे लिहिले. तीन दिवसांत बंडी नि विजार तयार. अंगावर अशी बसली की रबिया टाळ्या वाजवायला लागली.

पाचव्या दिवशी सिस्टर परत आल्या आणि बंडी टेबलावर टाकली. काखेपासून पाठीच्या मध्यापर्यंत उभी फाटली होती.

"काय केलंत हो हे?" मी ओरडलो.

"वाकले. आणि फाटली."

"वाकायचं कशाला?"

"मग काय, ध्वजवंदनाला उभी राहू सायकलवर? आणि विजारीचं सांगते, नर्स आहे म्हणून स्पष्ट सांगते. चार शिवणी जिथं एकत्र येतात ना, बरोबर तिथं सीट लागते. दहा किलोमीटरात कातडं सोललं."

तीस वर्षांत माझ्या शिवणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. माझं डोकं असं भडकलं की विचारू नका. आठ पुरुषांनी एक अक्षर काढलं नाही, आणि ही बाई! मी बंडी त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "दुसरा शिंपी बघा."

त्या गेल्या. मी इस्त्री आपटली. तोच दारात खडखडाट झाला आणि सिस्टर सायकल घेऊन आत! दांड्याची, काळी, इस्त्रीवाल्याची, तो पळून जाताना त्यांच्या दारात सोडून गेला होता ती. मागचं चाक त्यांनी कापणीच्या टेबलाला टेकवलं, रबियाला हँडल धरायला लावलं, टांग टाकून वर बसल्या आणि वाकल्या. अगदी हँडलवर हनुवटी.

"आता घ्या माप," त्या तशाच वाकून म्हणाल्या. "माणूस काय दिवसभर उभाच असतो काय?"

रस्त्यावरचे लोक काचेतून बघायला लागले. मी रबियाला टेप दिली आणि हँडल स्वतः धरलं. मानेपासून कमरेपर्यंत पाठ, उभी असताना सोळा इंच. वाकल्यावर? साडेएकोणीस. पुढची बाजू पंधराची बारा. हाताची लांबी एकवीसची चोवीस. मी रबियाला पुन्हा मोजायला लावलं. तेच आकडे. माझ्या वहीत एका बाईची दोन मापं झाली होती आणि मी शिवली होती ती चुकीची.

"विजारीला हा नमुना घ्या," म्हणत सिस्टरनी पिशवीतून पांढरी विजार काढली. हॉस्पिटलच्या गणवेशातली, जुनी. "ही मला कधी टोचली नाही."

त्या गेल्यावर मी ती उलटी करून बघितली. लोकांना वाटतं कापड मुकं असतं. अहो, माणूस थापा मारेल, कापड कशाला मारेल? मांड्यांच्या आतल्या बाजूला कापड झिजून जाळी झाली होती. जाळीवर ठिगळ, ते झिजून पुन्हा ठिगळ, त्यावर तिसरं. उजव्या घोट्यावर साखळीच्या काळ्या तेलाचा पट्टा, धुऊन धुऊन कापडात मुरलेला, आणि डावा घोटा स्वच्छ. आणि ठिगळांचा दोरा? तो शिवणकामाचा नव्हताच. काळा, चिवट, गाठी वेगळ्याच. दुसऱ्या दिवशी रबियाला विचारलं तर ती म्हणाली, "टाके डालने का धागा है, काका. बाज़ार बंद था ना." जखमा शिवायच्या दोऱ्यानं या बाईनं आपली विजार शिवली होती.

सहा किलोमीटरनं असं होत नाही. छत्तीसनं होतं, आणि तेही रोज, महिनोन्महिने. मी शिंपी आहे, मला दुसऱ्या साक्षीची गरज नव्हती. मी ती विजार मांडीवर घेऊन बसून राहिलो. पळालो मी. थाप मारली मी. आणि हसलो कुणाला, तर जी राहिली तिला. शरमेनं मेल्यासारखं झालं मला. पण सिस्टर दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा तोंडातून निघालं ते एवढंच, "सोमवारी या."

आणि मग मी शिवलं. पाठ लांब, पोट आखूड, बाह्या लांब, काखेत जादा तुकड्याची मोकळी कळी. विजारीला मी मियानी घातली. आपल्या लेंग्यात दोन पायांच्या मध्ये जो चौकोनी तुकडा घालतात तो. जरा मोठी घेतली, म्हणजे सगळ्या शिवणी सीटच्या बाहेर गेल्या. खांद्यांवर दोन पट्ट्या लावल्या बटणाच्या. त्याखालून सुटी ट्यूब घ्यायची, म्हणजे घसरत नाही, आणि एका हिसक्यात बटण सुटून ट्यूब हातात येते.

मी लबाडी केली नाही हो. आठही जणांना निरोप धाडला की मापात चूक आहे, या, सायकल घेऊन या, पुन्हा शिवून देतो. एकही आला नाही. सुमेध वाटेत भेटला तर म्हणाला, "काका, फिटिंग एक नंबर आहे. हात लावायचा नाही!"

शर्यत शुक्रवारी सकाळी होती. समुद्रकाठ माणसांनी फुलला होता. कुवेती कुटुंबं, मल्याळी दुकानदार, पठाण ड्रायव्हर, सगळ्या हॉस्पिटलांच्या नर्सा. आठ पुरुष ओळीत उभे राहिले तेव्हा लोक ओरडायला लागले. इतके रुबाबदार दिसत होते, पुस्तकातून उतरल्यासारखे.

आणि शेवटी विनिता सिस्टर. ताठ उभ्या. वाकण्यासाठी शिवलेली बंडी उभ्या बाईवर कशी दिसणार? पाठीला कापडाचं बोचकं, पुढून बंडी वर चढलेली, बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत. विजारीचा घोळ मागे लोंबत होता. आधी कुणीतरी खुसखुसलं, मग सगळेच हसले.

सुमेध ओरडला, "काका, तुम्ही आपली दिशदाशाच शिवा!"

बू नासिर पुस्तक उघडून सिस्टरभोवती फिरला. बाही उचलून बघितली. "ये क्या सिया, मास्टर?"

माझे कान तापले होते. मी पुढे जाऊन पुस्तकावर बोट ठेवलं. "कॉलर देखो. बटण कंधे पे है ना? दो खिसा है ना? टोपी, मोजा, सब है ना? फिटिंग का किताब में कुछ लिखा है क्या?"

तो दाढीत हसला. "नहीं लिखा. पास!"

शिट्टी झाली. नऊ सायकली सुटल्या. मी बू नासिरच्या पिकअपमध्ये मागे उभा होतो. वारा उत्तरेचा, पाठीवरचा, त्यामुळे जाताना सगळेच उडत होते. सुमेध पहिला, छाती काढून बसलेला, लोकांना हात करत. सिस्टर चौथ्या. मी मनातल्या मनात शिवणी मोजत होतो. ही टिकेल, ही टिकेल, काखेतली टिकेल.

बारा किलोमीटरवर घात झाला. लढाईचे लोखंडी तुकडे अजून रस्त्याकडेला पडलेले असायचे. सिस्टरचं पुढचं चाक एकदम बसलं. सायकल वाकडीतिकडी गेली, पण त्या पडल्या नाहीत. बाकीचे सगळे पुढे निघून गेले. पिकअप थांबली आणि मी उडी मारून धावलो. का धावलो कुणास ठाऊक, मला सायकलमधलं ओ की ठो कळत नाही. पंपाला हात घालणार तोच त्या किंचाळल्या, "काका, हात मागं! हात लावलात तर सगळं गेलं माझं!"

मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. जन्मात हातांना इतकं आवरलं नव्हतं.

त्यांनी खांद्याला हिसका दिला. बटणं सुटली, ट्यूब हातात आली. छातीच्या खिशातून पाना, दुसऱ्या खिशातून टायर काढायच्या पट्ट्या. चाक निघालं, टायर निघाला, तुकडा बोटांनी चाचपून काढला. घाई नव्हती, थरथर नव्हती. ऑपरेशनच्या टेबलाशी उभी असलेली बाई ती. नवी ट्यूब बसली, पंप झाला, नट आवळले. बू नासिरनं घड्याळ बघितलं. "चार मिनट," तो म्हणाला, आणि मग हळूच, "ये इसने पहली बार नहीं किया."

"नाहीच," मी मराठीतच म्हटलं.

फाटकाला वळसा घालून त्या परत फिरल्या तेव्हा शेवटून पहिल्या होत्या. आणि आता वारा समोरून होता.

काय सांगू तुम्हाला! तो वारा तोंडावर रेती मारत आला. पुढचे पुरुष दिसायला लागले, एकेक करत, आणि मला माझीच कारागिरी दिसायला लागली. ज्या कोटांना मी एक सुरकुती ठेवली नव्हती, ते कोट त्यांना वाकू देत नव्हते. वाकले की गळा आवळायचा, काखेत काचायचं. ताठ बसले की सगळा वारा छातीवर. दोघांनी बटणं सोडली तर कोट मागे फुगून ब्रेक लागल्यासारखी सायकल थांबायची. एक तर मोजे सोडून मांड्या चोळत रस्त्याकडेला बसला होता. त्याच्या विजारीच्या चार शिवणींनी त्याचं काय केलं होतं ते मला ठाऊक होतं.

आणि त्यांच्या मधून विनिता सिस्टर. पाठ टेबलासारखी सपाट, हनुवटी हँडलवर, कोपरं आत. बोचकं कुठं गेलं? पाठीवर कापड असं बसलं होतं की वाऱ्याला धरायला जागा नव्हती. सातवा गेला, सहावा गेला. मी पिकअपच्या टपावर थापा मारत ओरडत होतो, "चला सिस्टर! अठरा जायचे, अठरा यायचे! चला!" बू नासिर ड्रायव्हरला सांगत होता, "यल्ला, पास में ले!"

दोन किलोमीटर राहिले तेव्हा पुढे फक्त सुमेध होता. खोटं कशाला बोलू, पोरगा अस्सल सायकलवाला होता. चाहूल लागताच त्यानं मान खाली घातली आणि जीव खाऊन पायडल मारले. पण वाकला मात्र, आणि टर्रकन आवाज आला. कोट कॉलरपासून कमरेपर्यंत दोन फाका. वारा आत शिरला, मिशा उडून गेल्या. दोघं थोडा वेळ बरोबरीनं चालले. सिस्टरनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या समोर बघत होत्या. सात महिने चौक्या नि बंदुकांपुढून जाताना अशाच बघत असतील. मग त्या हातभर पुढे गेल्या, मग सायकलभर, मग खूपच.

समुद्रकाठी त्या शिरल्या तेव्हा कुवेती बायकांनी जिभेनं लकेर काढली, ती त्या लग्नात काढतात ती. दोरी तुटताच नर्सांनी धावत येऊन त्यांना घेरलं. रबिया रडत होती. मीही रडत होतो, पण वाऱ्यानं रेती गेली असं सांगितलं.

सुमेध आला तो धापा टाकत, पाठीला कोटाची लक्तरं. सायकल टाकून सरळ सिस्टरसमोर गेला. "छत्तीसच," तो म्हणाला. "सिस्टर, छत्तीसच होते." आणि वाकून नमस्कार केला. माणूस मोठा निघाला.

मग फोटोवाला आला. म्हणाला, मॅडम, कप घेऊन सीधा खड़े रहिये. सिस्टर उभ्या राहिल्या. झालं, पुन्हा ते बोचकं, पुन्हा त्या लांब बाह्या. लोक पुन्हा हसले, प्रेमानंच हसले, पण हसले. कुणीतरी म्हणालं, जिंकली कशी या कपड्यात?

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी गर्दीतून पुढे घुसलो. "सिस्टर, कप ठेवा खाली. सायकलवर बसा. वाका."

त्या बसल्या. वाकल्या. पाठ सपाट झाली, पोटावरची चुणी मिटली, बाही मनगटावर येऊन थांबली. मानेपासून कमरेपर्यंत एक सुरकुती नाही. हसणारे पुढे सरकून बघायला लागले. बू नासिरनं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "माशाल्ला."

"बघितलंत?" मी ओरडलो. मराठीत ओरडलो, कळायचं त्यांना कळलं. "हे उभं राहणाऱ्याचं माप नाही! रिग्गईहून अठरा जायचे, अठरा यायचे, सात महिने! मी हिला हसलो होतो. मी पळालो होतो, आणि वर हसलो होतो. रेडिएटरचं पाणीसुद्धा मी प्यालो नव्हतो!"

सिस्टर तशाच वाकलेल्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "काका, फोटो काढू द्या आधी. पाठ मोडायला आली."

तो फोटो आता माझ्या दुकानाच्या काचेत आहे. त्याच्याशेजारी मी ती पांढरी विजार टांगली आहे, आतली बाजू बाहेर करून, ठिगळं नि काळे टाके दिसतील अशी. सिस्टरनी परत मागितली नाही. गिऱ्हाईकं विचारतात, मास्टर, शर्यत हिच्यातच जिंकली काय? मी सांगतो, नाही, शर्यत निळ्या विजारीत जिंकली. ही त्याच्या आधीची. मग टेप काढतो आणि विचारतो, तू दिवसभर बसतोस की उभा असतोस?